टिंग : एका शब्दाची गोष्ट



काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सामान्यज्ञानाची उजळणी चालली होती. निरनिराळ्या देशांच्या कायदेमंडळांची नावे मी मुलांकडून पाठ करून घेत होतो. नॉर्वेचे स्टोर्टिंग, डेन्मार्कचे फोल्केटिंग, आइसलंडचे आल्थिंग. मुले ही नावे पाढ्यासारखी म्हणतात. अर्थाच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. पण त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, इंग्रजीच्या तासाला तुम्ही थिंग म्हणजे वस्तू असं सांगितलंत. मग या लोकांनी आपल्या लोकसभेला वस्तू असं नाव का दिलं?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि "अरे, ते थिंग वेगळे, हे थिंग वेगळे" असे सांगून पुढच्या देशाकडे वळलो. त्या वेळी मला तेच खरे वाटत होते. पुढे पुस्तके चाळताना उमगले की मुलगा बरोबर होता आणि गुरुजी चुकले होते. ते थिंग आणि हे थिंग एकच. एवढ्याशा शब्दाने सभेपासून वस्तूपर्यंतचा प्रवास कसा केला, ते आज आपल्याला सांगायचे आहे. त्या मुलाचे उत्तर माझ्याकडून राहिले होते, तेही यात येईल.

युरोपच्या उत्तर टोकाला डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन हे देश आहेत. समुद्रात आणखी पुढे गेले की फेरो बेटे लागतात आणि त्यांच्याही पलीकडे आइसलंड. या सर्वांच्या मुख्य भाषा एका आईच्या लेकी आहेत. हजार वर्षांपूर्वी तिकडे जी भाषा बोलत, तिला पंडित जुनी नॉर्स म्हणतात. या भाषेत 'थिंग' म्हणजे सभा. घरातली बैठक नव्हे, तर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, उघड्या आभाळाखाली भरणारी मोकळ्या माणसांची सभा. पुढे लेकी वेगळ्या झाल्या. आइसलंडने जुना 'थ' जपला. बाकीच्यांनी त्याचा 'ट' केला. म्हणून कोठे थिंग, कोठे टिंग. शब्द तोच.

या सभा गावोगाव होत्या, परगण्या-परगण्याच्या होत्या. पण त्यांचे सगळ्यात ठसठशीत रूप पाहायचे तर आइसलंडला जायला हवे. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेकडून आणि ब्रिटनच्या बेटांकडून माणसे होड्यांतून तेथे जाऊन वसली. त्यांच्यात राजा नव्हता. कुरणे होती, मेंढ्या होत्या, आणि अर्थातच बांधावरची भांडणेही होती. ती मिटवायची कोणी? इ. स. ९३० च्या सुमारास त्यांनी साऱ्या बेटाची मिळून एक सभा स्थापन केली. तिचे नाव आल्थिंग, म्हणजे सगळ्यांची सभा. सभेची जागा ती थिंगवेलीर, म्हणजे सभेचा माळ.

हा माळ मोठा विलक्षण आहे. पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे, एक अमेरिकेकडचा आणि एक युरोपकडचा, तेथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत. त्यामुळे जमीन फाटून लांबच लांब घळ पडली आहे. घळीची काळ्या दगडाची भिंत उंच उभी, समोर नदी, पुढे मोठे सरोवर. भिंतीपाशी उभे राहून बोलले की आवाज मागे न जाता माळावर पसरतो. त्या काळी ध्वनिक्षेपक कुठले? तेथल्या एका उंचवट्याला ते लोक 'कायद्याचा खडक' म्हणत.

दरवर्षी जूनच्या सुमारास दोन आठवडे सभा भरे. बेटाच्या दूरच्या टोकाहून येणाऱ्यांना घोड्यावरून पंधरा-सतरा दिवस लागत. मातीच्या ढेकळांच्या आणि दगडांच्या भिंती तेथे उभ्याच असत. आल्यावर त्यांवर कापडाचे छप्पर ताणायचे आणि बिऱ्हाड करायचे. खटले चालत, सोयरिकी जुळत, तलवारींना धार लावणारे आणि दारू गाळणारे धंदा करीत. आपल्याकडच्या जत्रेची आठवण व्हावी असेच ते दृश्य असणार. ठराविक मालमत्ता असलेल्या शेतकऱ्याने एक तर सभेला जावे, नाही तर जाणाऱ्याच्या खर्चाला हातभार लावावा, असा दंडक होता. या पैशाला 'सभेला जाण्याचे वेतन' अशा अर्थाचा एक शब्द होता. गंमत अशी की, आजही आइसलंडच्या आमदार-खासदारांच्या पगाराला कायद्यात तोच शब्द वापरतात.

आता शिक्षकमंडळींनी कान द्यावा असा भाग. सुरुवातीला या लोकांचा कायदा लिहिलेला नव्हता. तो एका माणसाच्या डोक्यात असे. त्या माणसाला 'कायदा सांगणारा' म्हणत आणि तीन वर्षांसाठी त्याची निवड होई. दर उन्हाळ्यात खडकावर उभे राहून त्याने कायद्याचा एक तृतीयांश भाग तोंडपाठ म्हणायचा. तीन वर्षांत सगळा पुरा. ऐकणाऱ्यांत जाणती माणसे असत, त्यामुळे पदरचे काही घुसडण्याची सोय नव्हती. इ. स. १११७-१८ च्या हिवाळ्यात तो प्रथम लिहून काढू लागले. म्हणजे जवळजवळ दोन शतके एका देशाचा कायदा पाठांतरावर चालला होता! वेदांचे पठण ज्या देशात झाले तेथल्या माणसाला याचे फार नवल वाटू नये, पण कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

या सभेचा एक मोठा उणेपणा होता, तोही सांगितला पाहिजे. सभेजवळ निवाडा होता, पण शिपाई नव्हता, तुरुंग नव्हता. एखाद्याला कायद्याबाहेर काढल्याचे जाहीर झाले, की त्याला कोणी अन्न देऊ नये, आसरा देऊ नये, आणि कोणी मारले तरी दाद नाही. पण ही शिक्षा अमलात आणायची कोणी? ज्याने दावा जिंकला त्यानेच. त्यामुळे ज्याच्यामागे माणसे, त्याचा न्याय खरा, असेही पुष्कळदा होई. शिवाय 'सगळ्यांची सभा' असे नाव असले तरी सगळे म्हणजे कोण? गुलामांना तेथे स्थान नव्हते. बायका जत्रेला येत, पण न्यायाला बसत नसत. खरी सूत्रे तीन-चार डझन नायकांच्या हाती होती. शब्द सगळ्यांचा म्हणाला म्हणून सभा सगळ्यांची होत नाही.

तरीही या सभेने एकदा जे केले, ते ऐकण्यासारखे आहे.

इ. स. ९९९ किंवा १००० चा उन्हाळा. नॉर्वेचा राजा ख्रिस्ती झाला होता आणि आइसलंडनेही तो धर्म घ्यावा असा त्याचा तगादा होता. बेटावर दोन तट पडले. काही ख्रिस्ती झाले होते, बरेचसे जुन्या देवांना धरून होते. दोन्ही तट हत्यारांनिशी माळावर आले. एकमेकांसमोर उभे राहून त्यांनी जाहीर केले की यापुढे तुमचा कायदा निराळा, आमचा निराळा. कायदा दोन झाला म्हणजे थिंग दोन होणार, आणि थिंग दोन झाले म्हणजे दर बांधावर रक्त सांडणार, हे कळायला कोणी शहाणा नको होता.

ख्रिस्ती तटाच्या पुढाऱ्याने तेव्हा एक शहाणपणाचे काम केले. त्याने निवाडा कायदा सांगणाऱ्यावर सोपवला. त्याचे नाव थोरगेर, आणि तो स्वतः जुन्या धर्माचा होता! थोरगेर आपल्या बिऱ्हाडात गेला, अंगावर पांघरूण ओढून आडवा झाला, आणि तो उरलेला दिवस व पुढची सारी रात्र एक शब्द न बोलता पडून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसला आणि लोकांना खडकापाशी बोलावून घेतले. सगळ्यांनी एकच कायदा मानला नाही तर देशात शांतता राहणार नाही, हे त्याने आधी पटवून दिले. आपण जे सांगू ते मानू, असे दोन्ही तटांकडून वदवून घेतले. मग निवाडा सांगितला : सर्वांनी ख्रिस्ती व्हावे, पण घोड्याचे मांस खाण्याची आणि नको असलेले मूल उघड्यावर टाकण्याची जुनी मुभा राहील, आणि कोणी घरात गुपचूप जुन्या देवांना बळी दिला तरी साक्षीदार असल्याशिवाय त्याला शिक्षा नाही. या सवलती थोड्याच वर्षांत गेल्या. त्यातली एक तर जायलाच हवी होती.

हा वृत्तान्त अरी थोर्गिल्सन नावाच्या इतिहासकाराने पुढे सव्वाशे वर्षांनी लिहिला. त्या निवाड्याचे बरेवाईट आपण ठरवू नये. ज्याला आपला धर्म सोडावा लागला त्याला तो गोड लागला नसेल. पण तलवारी काढून उभी असलेली माणसे एका माणसाच्या बोलण्याची रात्रभर वाट पाहत थांबली, आणि सकाळी त्याचे ऐकून घरी गेली. थिंग या शब्दात त्या काळी केवढे वजन होते, ते यावरून ध्यानात येईल.

आता वस्तूकडे वळू. सभेचा अर्थ वस्तूपर्यंत कसा पोचला?

त्याचे असे झाले. सभा म्हणजे थिंग. सभेपुढे आलेला वाद, तेही थिंग. मग वाद नसला तरी ज्याविषयी बोलायचे ते प्रकरण, ती बाब, तेही थिंग. आणि एकदा बाब आली की वस्तू किती दूर? एका पायरीवरून दुसरीवर इतक्या अलगद पाय पडत गेले की कोणालाच कळले नाही. आज डेन्मार्क-नॉर्वेकडे टिंगचे दोन्ही अर्थ घरात एकत्र नांदतात, आणि त्यांना वेगळे ओळखण्यासाठी लिंगाचा उपयोग करतात. 'एन टिंग' म्हटले की एक वस्तू. 'एट टिंग' म्हटले की एक सभा. आपण 'ती माळ' म्हटले की गळ्यातली आणि 'तो माळ' म्हटले की गावाबाहेरचा, तसे. फरक एवढाच की तेथे मूळ शब्द एकच आहे. 'इंगेनटिंग' म्हणजे काही नाही. स्वीडनमध्ये 'अल्टिंग' म्हणजे सगळे काही, तर आइसलंडमध्ये जवळजवळ त्याच आवाजाचे आल्थिंग म्हणजे देशाची लोकसभा.

इंग्रजी ही या भाषांची चुलत बहीण. तिच्यातही थिंगचा अर्थ आधी सभाच होता. सातव्या शतकातल्या केंट राज्याच्या कायद्यात तो त्या अर्थाने आलेला आहे. पुढे इंग्रजीने सभा टाकून दिली आणि वस्तू ठेवली. नॉर्स लोक मात्र आपली थिंग घेऊन ब्रिटनमध्ये आले होते, त्यांच्या खुणा राहिल्या. निवडणुकीच्या प्रचारसभांना इंग्रज 'हस्टिंग्ज' म्हणतात. तो शब्द म्हणजे 'घरचे थिंग', एखाद्या सरदाराने आपल्या माणसांची घेतलेली बैठक. स्कॉटलंडमधले डिंगवॉल, शेटलंड बेटांवरचे टिंगवॉल, ही दोन्ही गावे म्हणजे थिंगवेलीरच; नाव उच्चारून उच्चारून झिजले इतकेच. मॅन नावाच्या बेटावर तर कायदेमंडळाचेच नाव टिनवाल्ड आहे. तेथे दरवर्षी साधारणपणे ५ जुलैला एका हिरव्या टेकाडावर सभा भरते आणि नव्या कायद्यांची माहिती इंग्रजीत आणि बेटाच्या जुन्या मँक्स भाषेत लोकांना मोठ्याने वाचून दाखवतात.

शब्दाने सभेकडून वस्तूकडे जावे, ही एकट्या उत्तरेकडची रीत नाही. लॅटिन भाषेत 'काउसा' म्हणजे खटला. त्याचेच फ्रेंचमध्ये 'शोझ' आणि गोव्यात साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या पोर्तुगिजांच्या भाषेत 'कोइझा' झाले. दोहोंचा अर्थ वस्तू. नॉर्वे-स्वीडनमध्ये 'साक' म्हणजे खटला, आणि 'साक' म्हणजे बाबही.

आणि आपल्या घरी? मी इतका वेळ 'सांगण्यासारखी गोष्ट' म्हणत आलो, 'एक गोष्ट लक्षात ठेव' असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, तो शब्द तरी कुठला? संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. आपला गोठा त्यातूनच आला. गाई जमतात तेथे माणसेही जमतात, म्हणून 'गोष्ठी' म्हणजे मंडळींची बैठक, आणि मग बैठकीतले बोलणे. मराठीत त्याची गोष्ट झाली : आजी सांगते ती गोष्ट, दोघे करतात त्या गोष्टी, आणि 'ही गोष्ट बरी नव्हे' यातली गोष्ट म्हणजे बाब. बैठक गेली, बाब राहिली. इतक्या दूरच्या दोन समाजांनी, एकमेकांचे नावही ठाऊक नसताना, एकच वाट चालावी याची मला फार मौज वाटते. तेव्हा त्या मुलाला सांगायचे ते एवढेच : बाळ, नॉर्वेच्या लोकांनी सभेला वस्तूचे नाव दिले नाही, सभेचे नाव वस्तूला गेले, जसे आपल्या गोष्टीचे झाले.

आपण आणखी एक करामत केली आहे. पाच जणांनी बसून न्याय करायचा ती पंचायत. बोलीत तिची पंचाईत झाली, आणि "माझी मोठी पंचाईत झाली" म्हणजे मी अडचणीत सापडलो! ज्याने हा अर्थ प्रथम लावला, त्याचा खटला कसा चालला असेल याची कल्पना करावी.

थिंगच्याही मागे काय, हे विचारणारा एखादा चिकित्सक श्रोता असेलच. गॉथिक या जुन्या भाषेत याच्याशी नाते असलेल्या शब्दाचा अर्थ 'काळ' असा आहे. त्यावरून पुष्कळ पंडित म्हणतात की मूळ अर्थ 'ठरलेली वेळ', आणि त्यावरून त्या वेळी भरणारी सभा. काहींच्या मते याचे मूळ आणि संस्कृत 'तन्', म्हणजे ताणणे, यांचे मूळ एकच. हे अनुमान आहे, एवढे ध्यानात ठेवून ऐकावे. इंग्लंडच्या उत्तरेस रोमन सैन्याच्या ठाण्यावर तिसऱ्या शतकातला एक कोरीव दगड सापडला आहे. सैन्यातल्या जर्मन शिपायांनी तो 'थिंगच्या देवाला' अर्पण केला होता. जर्मनीत आणि हॉलंडमध्ये मंगळवाराचे नाव या देवावरून पडले असे मानतात. आणि त्याही आधी, इ. स. ९८ च्या सुमारास, टॅसिटस हा रोमन लेखक सांगतो की जर्मन लोकांच्या सभेत बोलणे पटले नाही तर माणसे कुरकुरत, पटले तर भाले वाजवत. टाळ्यांपेक्षा तो प्रकार वक्त्याला अधिक धाक घालणारा असावा.

सभा मात्र कायम टिकली नाही. १२६२ ते १२६४ या काळात आइसलंडच्या लोकांनी नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व मान्य केले. आल्थिंग भरत राहिले, पण त्यातला जीव कमी कमी होत गेला. पुढे बेट डेन्मार्कच्या ताब्यात गेले. १८०० साली आल्थिंग बंदच करण्यात आले. माळावर मेंढ्या चरू लागल्या. पण शब्द बंद करता येत नाही. माणसांच्या तोंडी तो होता, जुन्या हस्तलिखितांत होता, आणि ती हस्तलिखिते शेतकऱ्यांच्या घरी हिवाळ्याच्या रात्री मोठ्याने वाचली जात. १८४५ मध्ये आल्थिंग पुन्हा भरले. पूर्वीचे अधिकार नव्हते, नुसता सल्ला देण्याचा हक्क होता. १७ जून १९४४ रोजी भर पावसात थिंगवेलीरच्या त्याच माळावर आइसलंडचे प्रजासत्ताक घोषित झाले. नॉर्वेने १८१४ मध्ये राज्यघटना केली, तेव्हा आपल्या कायदेमंडळाला परकी नाव शोधले नाही. 'मोठे टिंग' म्हणजे स्टोर्टिंग म्हटले. डेन्मार्कने १८४९ मध्ये 'लोकांचे टिंग' म्हणजे फोल्केटिंग म्हटले. स्वीडनच्या संसदेचे नाव मात्र निराळे आहे. तेथे टिंग हा शब्द जिल्हा न्यायालयाच्या नावात राहिला आहे.

शेवटी उत्तरेच्याही उत्तरेला जाऊ. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांच्या बर्फाळ टोकांवर सामी लोक राहतात. रेनडिअर पाळणे आणि मासे धरणे हे त्यांचे जुने व्यवसाय. त्यांची भाषा अगदी वेगळ्या कुळातली आहे. पण त्यांनीही हा शब्द फार पूर्वी शेजाऱ्यांकडून घेतला. त्यांच्या तोंडी तो 'डिग्गी' झाला. पुढच्या शतकांत स्वीडनच्या बाजूला हिवाळी बाजार भरे, तेथेच राजाचे अधिकारी कर गोळा करीत आणि तेथेच टिंग बसे. खटला सामी माणसाचा, पण न्यायाधीश बाहेरचा आणि कायदा राजाचा. पुढे त्यांच्या मुलांना शाळेत आपली भाषा बोलायची बंदी झाली, तीही या देशांनी पुष्कळ वर्षे चालवली.

१९८९ च्या ऑक्टोबरात नॉर्वेतल्या कारास्योक या गावी सामी लोकांनी स्वतः निवडून दिलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. उद्घाटनाला नॉर्वेचे राजे ओलाव हजर होते. सभेचे नाव नॉर्वेजियन भाषेत सामेटिंग, आणि सामी भाषेत सामेडिग्गी.